बोकडराजानं धाडलं

नेपाळात, पोखऱ्याच्या कापडदुकानात दिलसरीनं एक परकर घेतला आणि सोडतीत तिला हाँगकाँगची दोन तिकिटं लागली. बाई मुळात वाऱ्यावर स्वार. नवरा म्हणाला, "मला विमानात घेरी येते." तशी ती तडक मैत्रिणीच्या, सुनमायाच्या अंगणात.

"ऊठ गं! तुझा भाऊ तिथंच आहे ना कुठंतरी?"

'कुठंतरी' एवढंच खरं होतं. सुनमायाचा धाकटा भाऊ हस्तबहादुर, घरातला लाडका कान्छा, कामासाठी तिकडं गेला. काम सुटलं, आणि त्या लाजेनं त्यानं फोनही बदलला. तेव्हापासून दर भाऊबीजेला सुनमाया मखमलीच्या फुलांची माळ ओवायची आणि खुंटीला टांगायची. ती फुलं सुकतात, पण रंग सोडत नाहीत.

हाँगकाँगात दिलसरीनं तिला बोटीतून हिंडवलं, उलट्या दिशेच्या ट्राममध्ये बसवलं आणि "हेच तर बघायचं होतं" म्हणून वर हसली. पण भाऊ मिळेना. जॉर्डन भागात, आपली नेपाळी माणसं राहतात तिथं, दुकानदार म्हणाला, "दिदी, इथं दगड भिरकावला तर तीन हस्तबहादुरांना लागेल."

भाऊबीज उजाडली. भावाच्या कपाळी टिका लावायचा मुहूर्त दुपारपर्यंतच आणि संध्याकाळी परतीचं विमान. पिशवीत माळ, टिक्याचे सात रंग, इडापिडा टळावी म्हणून दारात फोडायचा अक्रोड. जॉर्डनच्याच एका गल्लीत सुनमाया पायरीवर मटकन बसली.

"रडू नकोस, गा," दिलसरी म्हणाली. "देउसी गा." देउसी म्हणजे दिवाळीत दारोदार फिरून गायचं गाणं; एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी 'देउसी रे' ओरडायचं.

"भर रस्त्यात? आणि देउसी पुरुषांची. आपली बायकांची ती भैलो."

"कान्छा कुठली गायचा?"

"देउसी."

"मग झालं तर!"

सुनमायानं डोळे मिटले.

"आपसूक नाही आलो आम्ही..."

"देउसी रे!" दिलसरी गरजली.

पुढची ओळ साऱ्या मुलखाला पाठ: 'बळीराजानं धाडलं'. पण कान्छाला लहानपणी वाटायचं, बळी म्हणजे देवीपुढं कापतात तो बोकड. म्हणून तो दारोदार छाती काढून वेगळंच गायचा आणि आई पदरात तोंड लपवायची. सुनमायानं तेच गायलं:

"बोकडराजानं धाडलं..."

"देउसी रे!" भाजीवाल्या पोरी खिदळल्या, पण साथ दिली.

"ढगाच्या गं पल्याड..."

"देउसी रे!" आता मासे विकणारी चिनी म्हातारीसुद्धा.

"भाऊ माझा हरवला..."

"देउसी रे!"

"बोकडराजा, सांग रे..."

ओळ पुरी व्हायच्या आतच वरच्या मजल्यावरच्या खानावळीची खिडकी धाडकन उघडली. आतून फाटक्या, रडवेल्या आवाजात कुणी गायलं:

"शिंगं माझी झडली, दिदी..."

गल्लीला काही कळलं नाही, तरी गल्ली ओरडली, "देउसी रे!"

जिना धडधडला. खाली आला तो पिठानं माखलेला, हातात झारा, कानाशी पांढरे केस. पायाशी वाकायला लागला तशी सुनमायानं त्याचा कानच धरला. "लाज वाटली होय रे? बहिणीची?"

"मोठा होऊन फोन करायचं ठरवलं होतं, दिदी."

"धाकटा तो धाकटाच राहतो, गाढवा."

खानावळीच्या उंबऱ्यावर अक्रोड एका घावात फुटला. सात रंग कपाळावर उभे राहिले, माळ गळ्यात पडली. गल्लीनं टाळ्या पिटल्या. मुहूर्त अजून टळला नव्हता.

दिलसरीनं पदर खोचून हात पुढं केला. "आणि माझी ओवाळणी? तिकीट कुणाच्या परकराला लागलं होतं?"

कान्छानं गरम, कड्यासारख्या गोड सेलरोट्यांची परातच तिच्या हातात दिली.