चार रिंगांनंतर नागसेन

पितळेच्या ताटात माझा मोबाईल ठेवला होता, भोवती सात लिंबं. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आठवडी बाजार उरकून लोक पिशव्यांसकट आमच्याच दारी आले होते. एकीने तर मेथीची जुडी मांडीवर ठेवूनच हात जोडले होते.

"ये रे पोरा!" धर्मराज महाराज डोळे मिटून डोलत होते. "नागसेना, तुझी माय बसलीय, लेकरू बसलंय. ये, जल्दी ये!"

मग ते गप्प झाले. आणि फोन वाजला.

स्क्रीनवर नाव आलं, नागसेन. खाली लग्नातला फोटो, फेटा तिरका झालेला.

नागसेन माझा नवरा. जालन्याहून मोटरसायकलवर येताना गेला. त्या दिवशी त्याला एकवीस दिवस झाले होते.

"माय गं!" शेजारच्या पुष्पाबाई माझा दंड धरून किंचाळल्या. सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, फोन कानाला लावला. "बोल रे बाळा. जेवलास का?"

पलीकडून नुसती खरखर.

"आवाज न्हाई येत, महाराज."

"देह गेला, गळा गेला. आवाज कुठून आणीन तो?"

"मंग नंबर कोणत्या बोटानं दाबला?" मागून कुणीतरी विचारलं. दोघंतिघं हसले.

महाराजांनी डोळे उघडले. "हे वरचं नेटवर्क आहे, बाबा. याला टॉवर लागत न्हाई, रिचार्ज लागत न्हाई. बाई, तुम्ही परत लावून पाहा."

मी लावला. चार रिंगा गेल्या, मग एंगेज.

"पाहा! तिकडं दुसऱ्या आत्म्याशी बोलून राह्यला."

लोकांनी माना डोलावल्या. मला काहीच वाटलं नाही. रडू नाही, भीती नाही. मी फक्त मोजत होते. माझ्या चार वर्षांच्या प्रियाला झटके येतात. झटका आला की घाबरू नका, सेकंद मोजा, असं डॉक्टरांनी बजावलंय. तेव्हापासून मी सगळंच मोजते. महाराज गप्प झाल्यापासून फोन वाजेपर्यंत बावीस सेकंद. त्यांच्या आदल्या बैठकीतही बावीस.

जाताना महाराजांनी मुद्द्याचं सांगितलं. "तो येतोय, पण उंबऱ्यावर अडतोय. घरात इंग्रजी औषध आहे ना, पोरीचं? त्याच्या वासानं माघारी फिरतो. गुरुवारी शिशी माझ्या हाती द्या. मंग तिचा बाप तिला बरं करीन, डॉक्टर लागायचा न्हाई."

ते औषध सकाळ-संध्याकाळ सहाला. एकही डोस चुकता कामा नये. मागे नात्यातल्या एका लग्नाच्या गडबडीत एक डोस चुकला होता. झटका आला, आणि मी मोजत मोजत दोनशेच्या वर गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर बाटली नव्हती. आत्यांच्या ट्रंकेत सापडली, लुगड्याच्या घडीत. मी डोस दिला आणि भांडण नको म्हणून बाटली परत ट्रंकेतच ठेवली. आत्या दारातून बघत होत्या.

"आपल्यात हे मानत न्हाईत, सुमे, मला कळतंय," त्या म्हणाल्या. "मीच त्याला लहानपणी सांगायची, अंगारा-धुपारा आपला न्हाई. पण फोन तर येतोय ना?"

बी.एस्सी. झालेली मी. पण फोन तर येत होता.

पहिला फोन आठव्या दिवशी आला होता, भरसकाळी. तेव्हा महाराजांचा पत्ताही नव्हता. आत्यांनी उचलला आणि "नागसेन!" असा हंबरडा फोडला, पलीकडून फोन कट. पुन्हा दोन दिवसांनी तेच. गावभर झालं, आणि पाठोपाठ महाराज आले, सोबत त्यांचा सेवक राधेश्याम.

बुधवारी दुपारी आत्या दळणाला गेल्या होत्या. फोन वाजला. नागसेन. तिरका फेटा. ना लिंबं, ना महाराज. मी उचलला आणि काहीच बोलले नाही.

"हॅलो? दादा? मी भागवत बोलून राह्यलो, जांब समर्थहून. ठिबकच्या फिल्टरची जाळी आली का वं?"

नागसेनचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान होतं. मी विचारलं, "तुम्ही कोणत्या नंबरला फोन लावला?"

"दुकानाच्याच की. बोर्डावरच्या. तुम्ही कोण, वहिनी का?"

"ते वारले."

तो म्हणाला, "मागं दोन बार लावला, तर कुणीतरी बाई रडली. मला वाटलं चुकीचा लागला."

भागवत जिवंत होता, जांबहून बोलत होता, आणि माझ्या स्क्रीनवर मात्र नागसेनच हसत होता. पुष्पाबाईंचा मोबाईल मागून आणला आणि बोर्डावरचा नंबर लावला. एक रिंग, दोन, तीन, चार. माझा फोन वाजला. नागसेन.

त्या दुकानातला फोन इंटरनेटवर चालतो. पाकिटाएवढी एक डबी. शटर बंद होतं, पण डबी इन्व्हर्टरवर चालूच होती. माझ्या मोबाईलमध्ये नागसेनच्या नावाने दुकानाचाच नंबर होता, कारण घरी तो तिथूनच फोन करायचा. डबीच्या कंपनीला फोन लावला.

"नमस्कार, तृप्ती बोलतेय. आपली तक्रार?"

"मेलेल्या माणसाच्या नावाने फोन येतात."

"म्हणजे फोन दुसरेच करतात आणि तुम्हाला दुकानाचा नंबर दिसतो. बरोबर? मॅडम, ही तक्रार रोजची आहे. डबी आलेला फोन स्वतः पुढे पाठवते, म्हणून मोबाईलवर डबीचाच नंबर उमटतो. सेटिंग बदललं की खऱ्या माणसाचा नंबर दिसेल. कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?"

"नागसेन यांच्या."

"त्यांना फोन देता?"

"तेच मेलेत."

"सॉरी, मॅडम." पुढे कीबोर्डचा आवाज. "इथं दोन नंबर आहेत. चार रिंगांत दुकानात कुणी उचललं नाही तर आधी त्यांचा मोबाईल, तो बंद असेल तर दुसरा. दुसरा तुमचाच आहे. त्यावर कोड पाठवते." मी कोड सांगितला, तिने सेटिंग बदललं.

तेव्हा आठवलं. डबी बसवली त्या दिवशी जेवताना म्हणाला होता, तुझा नंबर दुसरा टाकलाय गं. मी प्रियाला भरवत होते, हं म्हणाले. त्याचा मोबाईल कधी बंद नसायचा, म्हणून माझ्याकडे कधीच फोन आला नव्हता. त्याचा मोबाईल अपघातात फुटला; तेव्हापासून सगळे फोन माझ्याकडे, आणि मी लावलेलाही फिरून माझ्याकडेच, म्हणून एंगेज.

आणि ती डबी बसवायला आला होता राधेश्याम.

गुरुवारी पुन्हा ताट, पुन्हा लिंबं. महाराजांच्या हातात प्रियाची बाटली, झाकण उघडलेलं. राधेश्याम भिंतीला टेकून उभा, एक हात झब्ब्याच्या खिशात.

"ये रे पोरा!" महाराज गप्प झाले. मी मोजलं. अठरा. बावीस. फोन वाजला.

"आला!" महाराज डोळे मिटूनच ओरडले.

"नाव कुठंय?" पुष्पाबाई वाकून बघत होत्या. "हा तर नुसता नंबर आहे."

मी फोन कट केला आणि त्याच नंबरला परत लावला. राधेश्यामच्या खिशात उजेड पडला. मग वरातीतलं एक गाणं मोठ्यांदा वाजायला लागलं. त्याला ते लवकर बंदही करता येईना.

"काय रे," मागचा तोच माणूस म्हणाला, "तुझ्या खिशात स्वर्ग हाय का?"

मी जे कळलं ते सगळं सांगितलं. पुष्पाबाईंना बोर्डावरचा नंबर लावायला लावला; माझ्या स्क्रीनवर पुष्पाबाईंचं नाव आलं. राधेश्याम खिशातून दुकानाला फोन लावतो; चार रिंगांना बावीस सेकंद लागतात, तेवढा वेळ महाराज गप्प बसतात. लोक हसले, मग चिडले. महाराज म्हणाले, "अविश्वासानं आत्मा दुखावला," आणि चपला शोधायला लागले.

आत्या उठल्या. त्यांनी महाराजांच्या हातातून बाटली काढून घेतली, झाकण घट्ट लावलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"सहा वाजले," त्या म्हणाल्या. "पोरीला आत आण."

डोस आत्यांनीच पाजला.

हे लिहिते आहे, कारण असे महाराज एका गावातून उठतात ते दुसऱ्या गावात बसतात. मी शिकलेली, तरी माझ्याकडेही दोन आठवडे उत्तर नव्हतं. उत्तर नसणं म्हणजे चमत्कार नव्हे. आपल्याला अजून माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कळत नसेल तर विचारा, दुसऱ्या फोनवरून लावून पाहा, सेकंद मोजा. आणि कुणी काहीही दाखवलं, मेलेलं माणूस समोर उभं केलं, तरी लेकराचं औषध बंद करू नका.

डबी अजून चालू आहे. शेतकऱ्यांचे फोन येतात, मी सांगते दुकान बंद आहे. आता स्क्रीनवर ज्याचा त्याचा नंबर दिसतो. नागसेनचं नाव मी काढलेलं नाही. त्या नावाने आता फोन येणार नाही, हे आम्हा दोघींना माहीत आहे. तरी फोन वाजला की आत्या आधी स्क्रीन बघतात, मग माझ्याकडे देतात.