बरणीतलं रबर

बाबूभाईचं डोकं सोमवारी तापलं, ते शुक्रवार उजाडला तरी थंड व्हायचं नाव घेत नव्हतं.

आलापल्लीत जीपगाड्या दुरुस्त करणारा हा माणूस एरवी कामापुरतंच बोलायचा. पण सोमवारी आरोग्य केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे सेक्रेटरी येरावार साहेब दोन निळे ड्रम आणि एक छापील कागद घेऊन टेम्पोतून गॅरेजात उतरले, आणि तेव्हापासून बाबूभाईच्या तोंडी शिवीशिवाय वाक्य सुरू होईना. पाने आपटणं, चहा अर्धा टाकणं, कुत्र्यावर खेकसणं, सगळं त्या कागदापायी.

ड्रममध्ये इथेनॉल होतं, उसाच्या मळीपासून काढलेली स्पिरिट. पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत ती पेट्रोलमध्ये शंभराला पाच भाग मिसळायला त्या वर्षी सुरुवात झाली होती. पण पाच भागांत येरावार साहेबांना राम वाटेना. त्यांना अर्धी स्पिरिट, अर्धं पेट्रोल हवं होतं. रविवारी संस्थेला देणगी देणारे नागपूरचे पाहुणे येणार, संस्थेच्या आरोग्य केंद्राची जुनी पेट्रोल जीप त्यांच्यासमोर धावणार, पेपरात फोटो छापून येणार. कागदावर लिहिलं होतं, 'सदर वाहन या इंधनावर सुरक्षितपणे चालते.' खाली मेकॅनिकच्या सहीसाठी रेघ.

"सात दिवस लागतेत," बाबूभाई म्हणाला.

"एका सहीला सात दिवस?"

"सही कराले नाई साहेब, पाहाले."

पाहायची त्याची एक रीत होती. जीपच्या पेट्रोलच्या नळीचा बोटभर तुकडा त्याने कापून घेतला. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणाऱ्या गाडीतल्या पंपात जो रबरी पडदा असतो, त्याच बनावटीचा एक कपाटातून काढला. दोन्ही वस्तू कागदावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ गिरवली आणि लोणच्याच्या काचेच्या बरणीत, त्याच अर्ध्याअर्ध्या मिश्रणात बुडवून ठेवल्या. रोज सकाळी काढायच्या, पुसायच्या, पेन्सिलीच्या रेघेवर ठेवून पाहायच्या. रबर रेघेबाहेर गेलं की समजायचं, ते तेल या गाडीचं नाही. पडदा सैल पडून फाटला तर पंप पेट्रोल ओढत नाही, आणि गाडी कुठं बंद पडेल ते कोणी सांगू शकत नाही.

बुधवारी साहेब पुन्हा आले. चहाच्या टपरीवरची माणसं गोळा करून त्यांनी ड्रममधली स्पिरिट एका झाकणात ओतली आणि काडी लावली. निळी, बिनधुराची ज्योत उठली. जिल्ह्यात दारूबंदी होऊन दहा वर्षं झाली होती, पण मोहाच्या दारूची ही परीक्षा प्रत्येकाला पाठ होती. निळी जळली की माल अस्सल.

"पहिल्या धारेची!" कोणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. मग ड्रायव्हर दसरूने टाकीत मिश्रण ओतून मैदानाला एक चक्कर मारली. गाडी झकास धावली. झालं, सगळ्या गावाच्या लेखी परीक्षा संपली.

"अबे, घशाची परीक्षा गाडीले लावता का?" बाबूभाई तिथंच कडाडला. "जळते म्हणून चालते? रॉकेलबी जळते!" त्याने दसरूला खाली ओढलं, सगळी टाकी रिकामी केली आणि साधं पेट्रोल भरलं. माणसं हसत पांगली. आपण दगडावर डोकं आपटतो आहोत, असं त्याला वाटलं.

गुरुवारी सत्यशीला सिस्टर आली. आरोग्य केंद्राची ही नर्स बावीस गावांच्या बाळंतपणांना पुरी पडत होती, आणि तिच्या हाताशी वाहन एकच, ही जीप.

"सही करून टाका ना भाऊ," ती म्हणाली. "सही नाई भेटली तर साहेब जीप चंद्रपूरच्या केंद्रात नेतो म्हणून राह्यले. मी बाया कशात नेऊ? बैलगाडीत?"

बाबूभाईला तिच्यावर ओरडायचं होतं. पण ती खरं बोलत होती, त्यामुळे त्याला जास्तच राग आला. शिवाय तिच्यावर ओरडायला त्याला तोंड नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी एका टँकरवाल्याने केंद्राला हलकं पेट्रोल विकलं होतं. त्यात काय मिसळलंय कोण जाणे. बाबूभाईने इंजिन चालू केलं, कान लावला आणि एक शब्द बोलला, "चालते." तिसऱ्या दिवशी भामरागडच्या रस्त्यावर, भर रानात पंपाचा पडदा फाटला. मागं सुकरी होती, दुसऱ्या खेपेची बाळंतीण, आणि तिचा हात धरून बसलेली सत्यशीला. शेजारच्या गावातून बैलगाडी येईपर्यंत सुकरी गेली, पोटातलं बाळही गेलं. सत्यशीला त्या दिवसाबद्दल त्याला कधी एक शब्द बोलली नाही. बरणी त्यानंतर आली.

शुक्रवारी साहेब आले तेव्हा सिस्टर तिथंच होती. बाबूभाईने बरणी उघडली, पडदा पुसून कागदावर ठेवला. तो रेघेच्या चारही बाजूंनी बाहेर आला होता, हाताला भिजल्या पापडासारखा लिबलिबीत लागत होता. नळीचा तुकडा फुगून मऊ झाला होता.

"पाचच दिवसांत हे असं हाये," तो म्हणाला. "पाच टक्क्यांचं मले मालूम नाई. पण अर्ध्यावर ही गाडी चालत नाई. दुसऱ्या जातीचं रबर येते म्हणतेत, ते आणा, मंग पाहू."

"अहो, रविवारी दोन किलोमीटर तर धावायचंय!"

"कागदावर दोन किलोमीटर कुठी लिव्हलं हाये? अन् सोमवारी त्याच टाकीवर बाईची पेशंट जाईन."

साहेबांचा आवाज चढला. "ठीक आहे. सही नको. उद्याच जीप चंद्रपूरला जाते. बावीस गावांना तुम्हीच सांगा, तुमच्या हट्टामुळे गेली म्हणून!"

बाबूभाईच्या कानशिलात घण बसायला लागले. त्याने साहेबांच्याच खिशातला पेन उपसला.

"आणा कागद. करतो सही. पण आधी एक काम करा. तुमच्या सूनबाईले आठवा चालू हाये ना? तिले मागं बसवा. टाकी अर्धीअर्धी मी भरतो. भामरागडले जाऊन वापस या. चाकं दारात लागले की लगेच सही."

साहेबांचा चेहरा पडला.

"सूनबाईला कशाला मध्ये आणता? तिला न्यायला माझी मारुती आहे."

"अन् जिच्यापाशी मारुती नाई तिनं?"

तेवढ्यात सत्यशीला उठली, जीपमध्ये चढली आणि पुढच्या सीटवर पदर खोचून बसली. कालपर्यंत सही मागणारी हीच बाई आज साहेबांवर उलटली.

"गाडी न्यायची असंन तर मलेबी घेऊन चला साहेब. नागपूरच्या पाहुण्यायले मीच हे रबर दाखवते. सूनबाईचंबी सांगते, मारुतीचंबी सांगते. सोडते का पाहा!"

नागपूरच्या पाहुण्यांचं नाव निघाल्यावर साहेब नरमले. तणतणत त्यांनी दसरूकडून ड्रम टेम्पोत चढवून घेतले. जीपचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. छापील कागद मात्र बाकावरच राहिला.

टेम्पो वळणाआड गेला. आता तरी राग उतरावा, पण तो उतरला नाही. बाबूभाई बाकावर बसला.

"बाई," तो म्हणाला, "त्या साली मले कोणी इचारलं असतं, तुह्या रशिदाले बसवशीन का या गाडीत... त मी चालते म्हटलं नसतं. पोरीचं नाव निघालं असतं त पह्यले पंप उघडला असता."

सत्यशीला जीपमधून उतरली. तिने त्याचं सांत्वन केलं नाही. "मीबी नाई इचारलं भाऊ," एवढंच म्हणाली आणि केंद्राकडे चालू लागली.

त्याने कागद ओढला. 'चालते' हा शब्द कागद फाटेपर्यंत खोडला, वर 'चालत नाही' असं लिहिलं आणि रेघेवर पूर्ण नावानिशी सही ठोकली. साहेबाला देता आली तेवढी शिक्षा त्याने आज दिली होती. पण ही सही पाच वर्षं उशिरा झाली होती, आणि त्यासाठी आता कोणाच्या अंगावर धावून जावं, ते त्याला कळेना.