जिवंत गाळ

चहाचं आधण ठेवता ठेवता सिस्टरांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. मागच्या बागेतल्या तळ्यातले सगळे मासे वर आले होते. खाऊ मागायला येतात तसे धसमुसळेपणानं नाही. पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडं लावून, ती उघडत-मिटत, जागच्या जागी तरंगत होते. पाणी मात्र आरशासारखं लख्ख. तळाचा खडा न् खडा दिसत होता.

त्यांनी गॅस बंद केला आणि त्या अनवाणीच बाहेर धावल्या. दगडांच्या काठाशी एक लहान केशरी मासा आडवा पडला होता. त्याला बोटानं ढोसलं. तो हलला नाही.

गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. उभा जन्म त्यांनी डायलिसिसच्या वॉर्डात काढला होता. निवृत्त झाल्यावर, आता काय लग्नबिग्न, असं स्वतःच म्हणत असताना त्यांनी एका विधुराशी लग्न केलं. घर त्याचं, बाग त्याची, आणि तळं त्याच्या पहिल्या बायकोचं. तिनं ते स्वतः कुदळ घेऊन खणलं होतं, काळं प्लास्टिक अंथरलं होतं, दगड निवडून लावले होते. मासेही तिचेच. त्यातली पांढरी, पाठीवर लाल ठिगळ असलेली थोराड मादी सगळ्यांत जुनी. तिला घरात बाईसाहेब म्हणत.

सध्या नवरा दवाखान्यात होता. जिन्यावरून घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली होती. वडिलांसाठी त्यांची मुलगी सुट्टी घेऊन येऊन राहिली होती. ती शाळेत गणित शिकवायची. सिस्टरांशी ती कधी वाकडं बोलली नव्हती, पण सरळही बोलली नव्हती. ‘अहो’, ‘ऐका ना’, ‘तुम्ही’ एवढ्यावर भागवायची. हाक अशी कधी मारलीच नाही.

ती दात घासत मागच्या दारात आली आणि ब्रश तोंडात तसाच राहिला.

“काय घातलंत पाण्यात?”

“काही नाही घातलं.”

“मग मेला कसा? काल चांगला होता.”

“काल खाल्लं नव्हतं त्यानं. मला वाटलं, उकाड्यानं असेल.”

“आणि मला सांगितलं नाहीत.” तिनं तोंड खळाळून नळ जोरात बंद केला. “आईचे कपडे आवरलेत, आईचं कपाट आवरलंत. आता मासे.”

वॉर्डात नातेवाईक ओरडत तेव्हा आधी रोग्याकडे बघायचं, ही सवय सिस्टरांच्या हाडात मुरली होती. त्यांनी एका बाटलीत तळ्याचं पाणी भरलं, झाकण लावलं आणि गाडीची किल्ली उचलली.

“मीही येते,” मुलगी म्हणाली. ते सोबत म्हणून नव्हतं, पहारा म्हणून होतं.

तळ्यांचं आणि मत्स्यपेट्यांचं सामान विकणारं दुकान अजून उघडत होतं. आत ओलसर वास, सगळीकडून बुडबुड्यांचा आवाज, भिंतीला लावलेल्या काचेच्या पेट्या. दुकानदार बडबड्या होता. शटर वर करता करताच त्यानं तळं केवढं, खोल किती, मासे किती, सगळं विचारून घेतलं. मग परीक्षानळीत ते पाणी घेऊन त्यात थेंब टाकले आणि नळी हलवली. पाणी पिवळं झालं, मग पोपटी, मग गडद हिरवं. तिथं मात्र त्याची बडबड थांबली.

“अमोनिया आहे. भरपूर. माशांच्या अंगातून, विष्ठेतून सुटतो. एरवी फिल्टरमधले जिवाणू तो संपवतात. जुना फिल्टर धुतला का कोणी?”

सिस्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. आठवड्यापूर्वी पंप घरघर करायला लागला म्हणून त्यांनी फिल्टरची पेटी उघडली होती. आतल्या स्पंजांवर तपकिरी, बुळबुळीत थर होता. बघूनच शिसारी आली होती. नळाखाली धरून, ब्रशनं घासून, थोडं ब्लीच घालून त्यांनी ते पांढरेशुभ्र केले होते आणि वर उन्हात वाळवले होते. नवऱ्याला फोनवर अभिमानानं सांगितलंही होतं, तुमचं तळं आता बघा कसं चकाकतंय.

“मी धुतला,” त्या म्हणाल्या. “ब्लीचनं.”

दुकानदारानं डोळे मिटून घेतले. मुलगी वळून एका पेटीसमोर जाऊन उभी राहिली आणि आतल्या माशांकडे बघत राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं सिस्टरांना वाटलं.

“नवीन फिल्टर दाखवा,” त्या म्हणाल्या. “जुना पंपही आता शेवटच्या घटका मोजतोय.”

दुकानदाराच्या अंगात पुन्हा चैतन्य आलं. त्यानं आधी एक गोल, घट्ट झाकणाचा, दिसायला देखणा फिल्टर पुढे केला. आत निळसर दिवा. जमिनीत पुरला की दिसतही नाही, पाणी असं की पेपर ठेवून वाचा!

“हा दिवा अमोनिया काढतो?”

“दिवा शेवाळ मारतो. हिरवं पाणी स्वच्छ करतो.”

“पाणी स्वच्छच आहे हो आमचं. मासे मरतायत.” सिस्टरांचा आवाज चढला. वॉर्डातही असंच असायचं. रक्त दिसायला लालच, आणि आत साचलेलं विष माणसाला गिळत असायचं. “जिवाणू कुठल्या फिल्टरमध्ये जास्त मावतात ते सांगा.”

त्यानं कोपऱ्यातली एक लांबुळकी पेटी दाखवली. अंग शवपेटीसारखं, रंग बादलीसारखा. आत कप्पे होते: पहिल्यात केरकचरा अडवणारे ब्रश, मग जाळीदार चटया, मग प्लास्टिकच्या खाचदार चकत्या. पाणी एकातून दुसऱ्यात संथ सरकत जाणार.

“हा नको,” मुलगी मागून म्हणाली. “आईला वनस्पतींचा वाफा करायचा होता. खडी, लव्हाळी, त्यातून झिरपणारं पाणी. तिनं जागाही ठरवली होती, कुंपणाशी. तोच करायचा.”

“वाफा उत्तमच,” दुकानदार म्हणाला, “पण मुळं धरायला महिने जातात.”

“आई असती तर तिनं—”

“आई असती तर तिनं फिल्टर धुतला नसता,” सिस्टर म्हणाल्या. “ते मला कळलंय, तू दर वाक्याला सांगायची गरज नाही. वाफा करू. तू म्हणशील तिथं करू. पण ते मासे तोवर थांबणार आहेत का?”

मुलीचे डोळे भरले. दुकानदार उगाचच एक नळी गुंडाळायला लागला.

“ही पेटी घेतो,” सिस्टर त्याला म्हणाल्या. “आज बसवली तर आज काम करेल?”

“नाही,” तो म्हणाला. घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. “कोणताही घ्या. नवा फिल्टर म्हणजे रिकामं घर. जिवाणू वस्तीला यायला आठवडे लागतात. हां, कुणाच्या चालू तळ्यातल्या मळक्या चटया मिळाल्या आणि यात टाकल्या, तर वाचतील. माझ्या नेऊ नका. माझ्या पेट्यांत आजारी मासे आहेत, औषध चालू आहे. रोग घरी न्याल.”

दोघींच्याही डोक्यात एकच घर आलं होतं.

“आत्या,” मुलगी शेवटी म्हणाली.

आत्या म्हणजे सिस्टरांची थोरली नणंद. तिच्याकडे मोठं तळं होतं, आणि त्यात याच तळ्यातून नेलेल्या माशांची पिलावळ. पहिल्या वहिनीशी तिची जिवाभावाची मैत्री. दुसऱ्या लग्नाला ती आली नव्हती, नंतरही या घरात तिनं पाऊल ठेवलं नव्हतं. नणंद आपल्याला पाण्यात पाहते हे सिस्टरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

“मी जाऊन येते,” मुलगी म्हणाली. “तुम्ही घरी थांबा.”

“नको. मी धुतला, मीच मागते.”

आत्या गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल लागला. दवाखान्यातून फोन आला. मुलीनं तो स्पीकरवर घेतला. वडिलांनी पाय कसा दुखतो ते सांगितलं आणि विचारलं, “मासे काय म्हणतायत?” मुलीनं सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर समोर बघत गाडी चालवत राहिल्या.

“बाबा, नंतर बोलते. गाडीत आहोत,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. “खोटं बोलणार नाही मी त्यांच्याशी.”

“बोलू नकोस. संध्याकाळी मीच सांगणार आहे.”

आत्यानं दार उघडलं. उंच, कोर्टात आयुष्यभर वकिली केलेली बाई. अजूनही समोरचा साक्षीदार असल्यासारखी बघायची. तिनं भाचीला पाहिलं, मग मागे दुकानातल्या नव्या बादल्या घेऊन उभ्या असलेल्या सिस्टरांना.

“भाऊ बरा आहे ना?” तिनं घाईनं विचारलं.

“हे बरे आहेत, ताई. मासे मरतायत. मी फिल्टर ब्लीचनं धुतला. तुमच्या फिल्टरमधल्या दोन-तीन चटया हव्या आहेत. मळक्या, जशा आहेत तशा.”

“ब्लीचनं.”

“हो.”

“माझ्या दारात पहिल्यांदा आलात, त्या गाळ मागायला!”

“हो,” सिस्टर म्हणाल्या. “अपमान करायचा असेल तर गाळ काढता काढता करा. वेळ नाही.”

आत्यानं पायातल्या चपला झटकून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले. “बादल्यांत नळाचं पाणी भरू नका, माझ्या तळ्याचं भरा. चटया पाण्याबाहेर काढायच्या नाहीत. आणि पिळलंत तर याद राखा.”

अपमान तिनं केलाच. चटया उचलता उचलता लग्नापासून कपाटापर्यंत सगळं काढलं. सिस्टरांनी बादली धरली, झाकण पुढे केलं. शेवटची चटई बादलीत सरकवताना दोघींचे हात कोपरापर्यंत तपकिरी झाले होते. आत्या एकदम थांबली. “बाईसाहेब आहे अजून?”

“सकाळी होती,” भाची म्हणाली.

घरी परतल्यावर दुपारभर सिस्टर आणि मुलीनं घाम गाळला. पेटी सपाट बसेना. खाली फरशी सरकवली, पुन्हा काढली, पुन्हा सरकवली. नळी पंपाच्या तोंडाला बसेना, तेव्हा मुलीनं ती गरम पाण्यात बुडवून मऊ केली. तळ्यातलं थोडं पाणी उपसलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध घालून तेवढं नवं भरलं. बुडबुडे काढणारा हवेचा पंप सोडला. आत्याच्या चटया कप्प्यात गेल्या. पंप चालू केला तेव्हा आधी नुसती खरखर झाली, आणि मग पेटीच्या दुसऱ्या तोंडातून पाणी धो धो पडायला लागलं.

“आता?” मुलीनं विचारलं.

“आता वाट बघायची. खायला काही घालायचं नाही.”

संध्याकाळी सिस्टर दवाखान्यात गेल्या आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, “तिनंही एकदा साबणानं धुतला होता. पहिल्या वर्षी. सगळे गेले होते.” सिस्टरांना त्यावर हसावं की रडावं कळेना. हे आजवर का नाही सांगितलंत, असं विचारावंसं वाटलं. त्याऐवजी त्यांनी त्याची उशी नीट केली.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन मासे गेले. दुकानातून आणलेले थेंब टाकले तर नळीतलं पाणी अजून हिरवंच. पुन्हा पाणी बदललं. बाईसाहेब एका अंगावर कलली होती, कल्ले लालभडक. मुलगी कपड्यांनिशी तळ्यात उतरली आणि तिला दोन्ही हातांनी सरळ धरून बुडबुड्यांपाशी उभी राहिली. सिस्टर काठावर बसल्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा सिस्टरांनी छत्री आणून तिच्यावर आणि माशावर धरली.

“बाबांनी सांगितलं मला,” मुलगी खाली बघतच म्हणाली. “साबणाचं.”

“हं.”

“आईनं कधी सांगितलं नाही.”

“मीही सांगितलं नसतं, दुकानात त्यानं विचारलं नसतं तर,” सिस्टर म्हणाल्या. मुलीला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसताच ती हुंदके देऊन रडायला लागली. मासा तिनं सोडला नाही.

बाईसाहेब त्याच दुपारी गेली. तिला कुंपणाशी पुरलं, वाफ्यासाठी ठरलेल्या जागेच्या जरा बाजूला. बाकीचे मासे मात्र त्यानंतर हळूहळू खाली जायला लागले. आधी छोटे, मग मोठे. चार-पाच दिवसांनी थेंब टाकले तेव्हा नळीतलं पाणी पिवळं झालं आणि पिवळंच राहिलं. मुलीनं नळी उजेडाकडे धरून पुन्हा पुन्हा पाहिली. मग ती सिस्टरांच्या हातात दिली. त्यांनीही तेवढ्याच वेळा पाहिली.

रविवारी सकाळी फाटकाशी गाडी थांबली. आत्या उतरली, हातात रबरी बूट. कुणालाही न विचारता घराला वळसा घालून ती थेट मागे गेली, पेटीचं झाकण उघडलं आणि चटईवर बोट फिरवलं.

“माझ्या चटया बघायला आले,” ती म्हणाली. “आणि ही पेटी इथं का ठेवलीय? उन्हात? अक्कल आहे की नाही कुणाला?”

“मग कुठं ठेवायची, ताई?” सिस्टरांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

“भिंतीच्या सावलीत.”

“तिथं नळी पुरत नाही,” मुलगी म्हणाली.

“नळी लांब आण की गं. गणित शिकवतेस ना?”

तिघी पेटीभोवती उभ्या राहून भांडू लागल्या.