दहा शाफ्ट आणि एक प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोमीटर आहे, म्हणजे बारीक जाडी मोजणारे हत्यार. तुमच्या केसाची जाडीसुद्धा मी सांगू शकतो. बारा वर्षांपूर्वी धम्मपाल नावाच्या टर्नरने पहिल्या बोनसमधून मला शाहूपुरीत विकत घेतले. लेथ या कातकामाच्या यंत्रावर त्याने कातलेला प्रत्येक शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरमध्ये बसणारा गोल लोखंडी दांडा, मी मोजला. "धम्मपालनं मोजलं की परत मोजायचं न्हाय," असे कारखान्यात म्हणत. ती स्तुती मला माझीच वाटे.

मग ट्रॅक्टरची मागणी घटली. सहा दिवसांचे काम तीन दिवसांवर आले आणि एका शनिवारी सगळ्या कंत्राटी कामगारांना घरी बसवले. बारा वर्षे राबूनही धम्मपालच्या हाती ना पीएफ, ना भरपाई. त्याची बायको रूपाली शिवणकामावर घर ओढू लागली. तो रोज सकाळी माझी डबी उघडी, मिटल्यावर मी बरोबर शून्य दाखवतो ना ते तपासी आणि डबी मिटून टाकी.

दोन महिन्यांनी गोकुळ शिरगावच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जागा निघाली. मालक अरिहंतशेठ म्हणाले, "दुपारपर्यंत दहा शाफ्ट काढून दाव. मापात बसलं तर जागा तुझी."

धम्मपाल इतका अस्वस्थ होता की त्याने मला क्षणभरही खाली ठेवले नाही. त्याच्या घामेजल्या मुठीत मी तापत गेलो. ऊब लागली की माझी चौकट प्रसरण पावते आणि मी खऱ्यापेक्षा कमी माप दाखवतो. मी चुकीचे सांगत होतो, शाफ्ट जाड राहत होते, आणि मला ओरडता येत नव्हते.

चार शाफ्ट झाल्यावर तपासणीच्या टेबलावरच्या क्रांतीने पहिला मोजला.

"दादा, जाड हाय की! मिलिमीटरच्या एका शतांशानं."

"माझं माप चुकत न्हाय."

"मग माझं चुकतंय व्हय?"

धम्मपालने मला गालाला लावले, आणि मी तापलोय हे त्याला कळले. त्याने मला थंड दगडी पाटावर ठेवले आणि हात मागे बांधून उभा राहिला. पंधरा मिनिटे! शेजारच्या लेथवरून पिराजी ओरडला, "पावणं, मशीन सोडून पूजा मांडलीया काय?"

धम्मपाल हलला नाही. मग मला कोरड्या फडक्यात धरून मोजत त्याने चारही शाफ्ट एमरी पेपरने घासून मापात आणले, उरलेले सहा कातले. दहाही मापात बसले.

"सोमवारपासनं ये," शेठ म्हणाले.

"पीएफ कापणार न्हवं?"

"आधी काम तर कर. मग बघूया."

"मागचं मालक बी बारा वर्सं 'बघूया'च म्हणत हुतं, शेठ."

पिराजीने लेथ बंद केला. शेठ हातातला शाफ्ट नुसताच फिरवत राहिले.

"आधार कार्ड घिऊन ये," ते अखेर म्हणाले. "पहिल्या महिन्यापासनं कापू."

मित्रांनो, माझ्यासारखी हत्यारे काम झाल्यावर पुसून, तेलाचा थेंब लावून ठेवा. आणि पुढे कधी तुमच्या हाताखाली माणसे आली, तर त्यांच्या हक्काचे त्यांना मागायला लावू नका. शेठांचे उत्तर यायला किती वेळ लागला, ते मोजणे माझ्या आवाक्यातले नाही. पण मी धम्मपालच्या खिशात होतो, आणि तोवर त्याने श्वास घेतला नव्हता.