शिळेवरचे एक टिंब

मित्रांनो, मी एक जुनी छिन्नी आहे. लोहाराने घडवली तेव्हा चांगली वीतभर होते. धार लावून लावून आता बोटभर उरले आहे. माझा धनी पाथरवट. त्याच्या हातात राहून मी कितीतरी पायऱ्या घडवल्या, दारांवरच्या पाट्या कोरल्या.

मग युद्ध झाले. ते संपल्यावर चौकात काळ्या दगडाची शिळा उभी राहिली आणि परत न आलेल्या एकशे बारा जणांची नावे कोरण्याचे काम आमच्याकडे आले. स्मृतिदिन तोंडावर आला होता. धनी तहानभूक विसरून राबला. शिळेवरचे कापड दूर झाले तेव्हा लोक म्हणाले, "अक्षर कसं मोत्यासारखं आहे!" मी हरखून गेले.

अकरा वर्षांनी, स्मृतिदिनाच्या आदल्या सकाळी एक म्हातारी आमच्या दारात आली.

"दादा, माझ्या लेकाच्या नावावर एक टिंब द्यायचं राहिलंय. त्याच्याशिवाय ते दुसऱ्याच कुणाचं नाव होतं हो."

धन्याने नावांचा जुना कागद शोधून काढला. कागदावर टिंब होते. त्याचा चेहरा उतरला.

"आजी, इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"पहिल्या वर्षी सगळ्याच आया रडत होत्या. तिथं मी टिंबासाठी कुठं भांडू? पुढं वाटायचं, कुणीतरी बघेल. आता माझंच वय झालं. मी गेल्यावर त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक असणार?"

धनी उठला. मला आणि हातोड्याला उचलून तडक चौकात निघाला. तिथे रखवालदार आडवा आला.

"परवानगी कुठंय?"

"चूक मी केली तेव्हा कुणी परवानगी विचारली नव्हती," धनी म्हणाला. "आता खुशाल तक्रार करा."

रखवालदाराने म्हातारीकडे पाहिले आणि तो बाजूला झाला. "करा. पण या खेपेला नीट करा."

टिंब कोरणे सोपे नसते, मित्रांनो. एक ठोका जास्त पडला तर अख्ख्या अक्षराचा कपचा उडतो. धन्याने माझे टोक अक्षराच्या डोक्यावर अलगद टेकवले. त्याने श्वास रोखला आणि सात हलके ठोके दिले. मग फुंकर मारून धूळ उडवली.

म्हातारीने त्या खळग्यात बोटाचे टोक टेकवले. जेवायला हाक मारावी तसे तिने ते नाव मोठ्याने उच्चारले.

"हं," ती म्हणाली, "आता हा माझा."

आता धनी नाही. त्याची लेक यंत्राने कोरते आणि मी डब्यात गंजत पडले आहे. त्याबद्दल माझे गाऱ्हाणे नाही. एवढेच सांगते, स्मृतिदिनी तुम्ही दोन मिनिटे शांत उभे राहता, ते झाल्यावर लगेच पांगू नका. शिळेजवळ जा आणि एक तरी नाव सावकाश, पूर्ण वाचा. आम्ही घाई केली होती. तुम्ही करू नका.