मिस्त्रींचा रंधा

मी एक जुना रंधा आहे. मित्रांनो, नदीकाठच्या होड्यांच्या कारखान्यात मिस्त्रींनी मला स्वतःच्या हाताने घडवलं. त्यांच्या हातात मी चाललो की फळी आरशासारखी गुळगुळीत व्हायची, आणि मी भाव खायचो.

मिस्त्रींच्या हाताखाली डावऱ्या शिकत होता. आईबाप नव्हते, थोरल्या भावाने वाढवलेलं. डाव्या हाताने काम करतो म्हणून कारागीर त्याची टिंगल करायचे. मिस्त्रींनी माझी मूठ तासून त्याच्या हाताला बसेल अशी करून दिली. तेव्हापासून मी दोघांचा झालो.

मग युद्ध आलं. परकी फौज दोन्ही काठांवर बसली आणि आम्ही तिच्यासाठी होड्या बांधू लागलो. डावऱ्याचा भाऊ नावाडी; तो आपल्या बाजूने लढणाऱ्या पोरांना गुपचूप पैलतीरी पोचवायचा. सैनिकांनी त्याला धरलं आणि धक्क्यावरच गोळी घातली.

पुढे फौजेचा अधिकारी स्वतःसाठी होडी सांगायला आला. मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुम्ही सांगितलंत म्हणून तो नावाडी सापडला."

डावऱ्या तिथेच मला फळीवर चालवत होता. त्याचा हात थांबला नाही. फक्त मूठ इतकी आवळली, की माझं लाकूड करकरलं.

त्या होडीच्या तळाची एक फळी त्याने माझ्याकडून कागदासारखी पातळ करून घेतली. खोटं कशाला बोलू, मी मन लावून तासलं. त्याच्या भावाने मला कितीदा तेल पाजलं होतं.

मिस्त्री तपासायला आले. तळावरून तळवा फिरवला आणि नेमके तिथे थांबले.

"इथं पातळ झालंय, डावऱ्या."

"हो, काका. मुद्दाम केलंय."

"सैनिकांनी माझ्या मुलीला उचलून नेलं होतं रे," मिस्त्री म्हणाले.

"सोडलं ना तिला? माझा भाऊ नाही सोडला."

मिस्त्रींनी डांबराचा डबा ओढला आणि त्या जागेवर स्वतः जाड थर दिला. कुणाला काही दिसू नये म्हणून.

होडी पाण्यात सोडली त्या दिवशी अधिकारी म्हणाला, "आधी बांधणारा बसेल." मिस्त्रींनी डावऱ्याकडे पाहिलं. त्याने नुसतं "थांबा" म्हटलं असतं, तरी ते वाचले असते. डावऱ्याने तोंड उघडलं नाही. मिस्त्री मुकाट्याने जाऊन अधिकाऱ्याशेजारी बसले. मधल्या खडकांपाशी तळ फाटला. प्रवाहाला ओढ होती. एकही जण वर आला नाही.

डावऱ्या काठावर उभा होता. "फिटलं," एवढंच म्हणाला. मलाही तेव्हा गार वाटलं.

आता कारखाना तोच चालवतो. मला मात्र हात लावत नाही. माझ्या पात्यावर गंज चढलाय. त्या अधिकाऱ्यासाठी मी आजही तितकंच तासेन. मिस्त्रींचं काय, ते मला अजून ठरवता येत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून पुन्हा कामाला लावा. पण ज्याने हात धरून शिकवलं त्याच्यावर मला चालवायची वेळ आली, तर निदान एकदा त्याला "थांबा" म्हणून हाक मारा.