राजन सरीनचं सुतक

“अजी, आइका. आपल्या घरी सुतक हाये,” पंचफुला म्हणाली. “अयतवारचा सत्यनारायन होत नाई.”

पंजाबराव ढोमणे नाइट शिफ्ट करून नुकताच दारात आला होता. एक बूट पायात आणि एक हातात, तसाच तो उंबऱ्यावर बसला. सुतक म्हटलं की माणूस आधी घराण्यातली म्हातारी माणसं आठवतो. आर्वीचा चुलता नव्वदीला टेकला होता, पण परवाच त्याचं खुशालीचं पत्र आलं होतं.

“कोन गेलं वं? तार आली का?”

“तार कायची? सकाळी रेडूवर सांगतलं. राजन सरीन गेला. झोपीतच गेला म्हने. काई दुखनं नाई, खुपनं नाई.”

पंजाबरावाला आधी हायसं वाटलं आणि मग राग आला. राजन सरीन म्हणजे तो गिटारवाला गवई. त्याचं गाणं लागलं की भिलाईच्या खुर्सीपार वस्तीतली पोरं पानठेल्यासमोर सायकली आडव्या टाकून नाचायची. चांगला गायचा, नाही कोण म्हणतो? पण म्हणून सुतक?

“तो तुया कोन लागत होता?”

पंचफुला आत वळली. रेडिओवर तिने पांढरं धुतलेलं कापड टाकलं होतं, देवघराचं दार लोटलं होतं, आणि ताटात बिनफोडणीचं वरण वाढलं होतं. बोलून न दाखवता जे सांगायचं ते बायका ताटात सांगतात.

पंजाबरावाचं दुखणं वेगळंच होतं. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये बावीस वर्षं घासून तो या महिन्यात फोरमन झाला होता. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिथल्या एका सरदारजीने त्याचं नाव ऐकून विचारलं होतं, “पंजाब से है? दाढ़ी कहाँ छोड़ आया?” आणि याने मिशीला पीळ देत सांगितलं होतं, “मूँछ तो लाया हूँ ना!” तेव्हापासून भरघोस मिशी ही मिलमध्ये त्याची ओळख. सत्यनारायणाला सगळ्या शिफ्टला आमंत्रण गेलं होतं. मुख्य म्हणजे बॅनर्जीसाहेब येणार होते. त्यांनीच त्याचं नाव पुढे केलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात बदलीवर ते दुर्गापूरला निघाले होते. साहेब आपल्या क्वार्टरमध्ये येऊन पाटावर बसणार, हे चित्र पंजाबरावाने मनात शंभरदा रंगवलं होतं. रविवार गेला की साहेब गेले.

तो तडक नरहरी भटजींकडे गेला. भटजींनी एकदा सांगितलं की झालं, बायको ऐकेल.

“गोत्र?” भटजींनी विचारलं.

“गोत्र कोनाले मालूम? पंजाबी असन.”

“म्हणजे सगा नाही, सोयरा नाही, जातीचा नाही की गावचा नाही. मग सुतक कुठून लागतंय, पंजाबराव? वहिनींना सांगा, शास्त्रात असं काही नाही.”

पंजाबराव खुशीत घरी आला आणि त्याने शास्त्र सांगितलं. पंचफुला तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

“मागच्या साली तुमचा धोंडबा मेला. बारा वर्सं आपलं-त्याचं बोलनं नव्हतं. बांधावर तुमच्या अंगावर काठी घेऊन आला होता. त्याचं म्या धा दिवस पाळलं का नाई?”

“पाळलं. तो चुलतभाऊ होता.”

“त्याचा एक शब्द कदी कानी आला नाई. याचा रोज येत होता.” तिने सूप परत हाती घेतलं. “तुमाले ते पेटी आठवते का जी?”

पेटी पंजाबरावाला कशी आठवणार नाही! तो किस्सा तर त्याने कैकदा रंगवून सांगितला होता. लग्न करून तो तिला भिलाईला घेऊन आला तेव्हा तिला हिंदीचा ठो कळत नव्हता. शेजारी एक तेलुगू, दुसरा बिहारी, समोर मलयाळी. तिने आपली पत्र्याची पेटी कधी उघडलीच नाही. ती तशीच दाराशी भरलेली असायची आणि रोज तिचं एकच पालुपद, “मले आर्वीले पोचवून द्या.” मग पहिल्या बोनसमधून पंजाबरावाने रेडिओ आणला, आणि थोड्याच दिवसांत पेटी रिकामी होऊन खाटेखाली गेली. ‘बाई मायेनं थांबली’ असं म्हणून तो मिशीला पीळ द्यायचा.

“तुमी तं शिफ्टमंदी राहे,” पंचफुला म्हणाली. “आले का झोपे. दिवसभर माया संग बोलनारा तोच एक होता. हिंदी म्या त्याच्यापासूनच शिकली. तो गाये, आन् मी मांगं मांगं म्हनो. तो नसता तं मी एकलीच गाडीत बसली असती. कवाच गेली असती.”

हे मात्र खरं होतं. पंचफुलाची हिंदी सगळी गाण्यातली होती, आणि सेक्टरमध्ये तिचे मासले अजून सांगितले जात. भाजीवाल्याला ती “ओ बेदर्दी, भिंडी कैसे दी?” असं विचारायची. दूधवाला एकदा उशिरा आला तेव्हा दारात उभी राहून गंभीरपणे म्हणाली होती, “ज़ालिम, इतना भी कोई तड़पाता है?” बिचारा दूधवाला त्यानंतर कधी उशिरा आला नाही. गंमत म्हणून पंजाबराव हे सांगत आला होता. ती भाषा तिला कोणी शिकवली, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

त्याला वाईट वाटलं. बावीस वर्षं जी कमाई आपली म्हणून मिरवली, तिच्यात दुसऱ्याचा वाटा निघाला होता. तो खाटेवर आडवा झाला, पण झोप काही लागली नाही.

संध्याकाळी साहेबांसाठी नारळ-शेला आणायला म्हणून तो सिविक सेंटरच्या बाजारात गेला. कॅसेटच्या दुकानासमोर ही गर्दी! राजन सरीनच्या फोटोला हार घातला होता आणि मोठ्या आवाजात त्याची गाणी चालू होती. पोरं रडत होती, चांगली मिसरूड फुटलेली पोरं. कोणी सायकलच्या हँडलला काळी फीत बांधली होती. एक बंगाली बाई पिशवी छातीशी धरून नुसती उभी होती. सारी भिलाई त्याची गाणी लावून त्याला रडत होती. त्याचा आवाज बंद होता तो फक्त पंजाबरावाच्या घरात. ज्या घरचं माणूस जातं त्या घरात गाणं लागत नाही, हे पंजाबरावाला त्या गर्दीत उमगलं. नारळ न घेताच तो परतला.

दुसऱ्या दिवशी तो बॅनर्जीसाहेबांच्या केबिनमध्ये गेला. रस्त्याने त्याने आर्वीच्या चुलत्याला मनातल्या मनात मारून ठेवलं होतं. पण जित्याजागत्या म्हाताऱ्याचं नाव जिभेवर येईना.

“साब, इतवार की पूजा नहीं होगी. घर में गमी हो गई है.”

“अरे! कौन गुज़र गए?”

पंजाबराव म्हणाला, “राजन सरीन, साब.”

साहेबांनी चष्मा काढला. आता हे हसणार, असं पंजाबरावाला वाटलं.

“रिश्ते में कुछ नहीं था,” तो घाईने म्हणाला. “पर मेरा घर उसी ने बसाया, साब. मैं तो ड्यूटी पर था.”

साहेब हसले नाहीत. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. “तो घर पर आना नहीं हो पाएगा,” ते म्हणाले. “चलो, कैंटीन में चाय तो पिलाओगे?” दोघांनी उभ्याउभ्या चहा घेतला. पाटावर बसलेल्या साहेबांचं चित्र त्या कपाबरोबर संपलं. पंजाबरावाला त्याचं दुःख झालं, आणि ते त्याने गिळलंही.

घरी त्याने काही सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून दाढी करणं सोडलं. पंचफुलाने ते पाहिलं आणि त्याचं दाढीचं सामान फळीवर उचलून ठेवलं.

दहाव्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून, घरातली सगळी अंथरुणं धुऊन, अंगणात वाळत घालत होती. फाटकाची कडी वाजली. न्हाव्याकडून पंजाबराव आला होता. दाढी गुळगुळीत, आणि मिशीच्या जागी फिकट, उघडी पट्टी. बाप गेला तेव्हा एकदाच ती तशी दिसली होती.

पंचफुलाच्या हातातली ओली चादर तशीच राहिली. दहा दिवस ती रडली नव्हती. आता मात्र डोळ्यांना पदर लावला. मग पुढे येऊन तिने त्याच्या ओठावर बोट टेकवलं.

“थंडी वाजत असन ना जी, इथं?”

“वाजते थोडीशीक.”

“मिलमंदी हासतीन लोकं.”

“हासू दे ना. फोरमन हाये मी.”

तो आत गेला, रेडिओवरचं पांढरं कापड काढून त्याने नीट घडी केली आणि बटण फिरवलं. चण्याला पाणी कधी द्यावं, यावर कोणीतरी बोलत होतं. पंचफुला दाराशी येऊन बसली, आणि दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.